कुंभ्याच्या पानावरची पंगत

चंद्रावतीच्या पत्रावळीतून आमटी गळते, असं कुणी म्हटलं असतं तर डिचोलीत कुणाचा विश्वास बसला नसता. तीस वर्षं ती रानातल्या कुंभ्याची रुंद पानं हिराच्या बारीक काड्यांनी टाचत आली होती, आणि आसपासच्या जत्रांच्या पंगती तिच्याच पत्रावळींवर बसत. पण दोन हंगामांपासून खाणीच्या रस्त्याकडेची पानं तिच्या मनासारखी मिळेनात. आखूड, कडेला करपलेली, दुमडली की तडकणारी. चांगल्या पानांसाठी डोंगर चढून वरच्या रानात जावं लागे, आणि गुडघे कुरकुरत.

तिथेच तिला तेजस्विनी भेटली. साखळी गावची मुलगी, झाडांवर संशोधन करणारी. ती पानं तोडायची, डब्यातल्या पाण्यात धुवायची आणि तळाला बसलेली लाल धूळ वाळवून तोलायची. चंद्रावतीला आधी हे खूळच वाटलं. पण तेजस्विनीला रानाची वाट माहीत असलेलं माणूस हवं होतं, म्हणून दोघी बरोबर हिंडू लागल्या. पानाच्या पाठीला डोळ्यांना न दिसणारी बारीक तोंडं असतात, तेजस्विनीने एकदा सांगितलं. त्यांतून पान श्वास घेतं. धूळ बसली की ती बुजतात, वरून ऊनही नीट मिळत नाही, आणि झाडाचा स्वयंपाकच अर्धा होतो. उपाशी झाड पानं लहान काढतं. स्वयंपाकाची गोष्ट चंद्रावतीला लगेच पटली.

हे खाणीचा माल नेणाऱ्या ट्रकवाल्यांना सांग, असं ती म्हणाली. तेजस्विनीने सांगून पाहिलं होतं. तक्ते घेऊन ती त्यांच्या बैठकीला गेली, त्यांनी मान देऊन बसवलं, चहा पाजला, आणि दुसऱ्या दिवशी ट्रक तसेच उघडे धावले.

चंद्रावतीने दोन दिवस विचार केला. देवीच्या जत्रेत ट्रकवाल्यांची पंगत वेगळी बसे. यंदा तिथे तिने एकाआड एक पत्रावळी मांडल्या: एक वरच्या रानातली, एक रस्त्याकडेची. दोन्ही स्वच्छ धुतलेल्या.

भात वाढला, भाज्यांचं रसदार खतखतं वाढलं. थोड्याच वेळात एकाआड एक माणूस चुळबुळ करू लागला. सगळ्यांत जुना ड्रायव्हर बाबली, दोडामार्गचा, नवी पांढरी पँट घालून आला होता. खतखत्याचा रस पत्रावळीतून निसटून थेट त्याच्या मांडीवर आला. शेजारचा मात्र निवांत जेवत होता.

"वैनी, ह्या काय?" बाबलीने विचारलं.

चंद्रावती त्याच्यासमोर उकिडवी बसली. "तुझा पान रस्त्यावरचा. ह्येचा डोंगरातला. झाड एकच, माती एकच. धूळ तेवढी तुमची."

बाबलीने पत्रावळ उचलून उजेडात धरली. टाचताना तडकलेल्या पानाला सुईच्या टोकाएवढी भोकं पडली होती. मग तो आपल्या पँटीकडे बघून हसायला लागला, आणि त्याच्यामागून सगळी पंगत हसली. तेजस्विनीला बोलावून त्याने नीट विचारून घेतलं. ताडपत्री बांधायची, गाडी हळू हाकायची, रस्त्यावर पाणी मारायचं. पहिली दोन कामं आमच्या हातातली, तो म्हणाला. पाण्याच्या टँकरसाठी तो सोबत्यांना घेऊन स्वतः खाणीच्या मालकांकडे गेला. चार खेटे घातल्यावर टँकर आला.

चैतात कुंभ्याला नवी पालवी फुटली. दिवाळीनंतर तेजस्विनीने धूळ तोलली, तर आधीच्या निम्म्याहून कमी भरली. रस्त्याकडेची पानं वीतभर रुंद झाली होती, हिरवीगार, चामड्यासारखी चिवट. चंद्रावतीने पान दुमडून पाहिलं, उलगडून पाहिलं, आणि गालाला लावलं.

त्या दिवशी अंगणात बसून तेजस्विनी हट्टाने पत्रावळ टाचायला शिकली. उचलताक्षणी तिची सगळी पानं सुटून मांडीवर पडली.

"बाय, तू आपली धूळच तोल," चंद्रावती म्हणाली, आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत राहिली.