वीसच्या पाटीखाली सॅल्यूट

हवालदार विश्राम घाडीगावकर यांना मजूर करण्याचा निर्णय सोमवारी सकाळी साडेदहाला झाला आणि अकरा वाजता ते मजूर झाले.

निर्णय ऋतुराज साहेबांचा. साहेब सहायक निरीक्षक, वय एकतीस, म्हणजे घाडीगावकरांची जेवढी नोकरी झाली तेवढंच. त्यांनी परदेशातला एक व्हिडिओ पाहिला होता. तिकडे रस्त्याचं काम चालू असलं की पोलीस मजुराच्या वेषात उभे राहतात आणि सुसाट येणारी गाडी यंत्रात टिपतात. वरच्यांनी व्हिडिओ पाहिला की खालच्यांचे कपडे बदलतात, हे घाडीगावकरांना अनुभवाने ठाऊक होतं. हेल्मेट सप्ताहात त्यांना एकदा यमराज केलं होतं. रेडा मिळाला नाही म्हणून मोटरसायकलवर बसवलं होतं, आणि त्या मोटरसायकलचं पीयूसी संपलेलं होतं.

जागा डोंबिवलीच्या बाहेरची, शिळफाट्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरची. तिथे उड्डाणपुलाचं काम चाललं होतं. चार लेनचा रस्ता पत्र्यांनी आवळून दीड लेनचा केला होता आणि तोंडाशी पाटी होती, ‘काम चालू, कमाल वेग २०’. ही पाटी लोक साठच्या वेगात वाचत. मागच्या महिन्यात मारुती नावाचा मजूर त्या पाटीखाली लाल झेंडा धरून उभा असताना त्याला एका टेम्पोने उडवलं. मारुती आता पायात सळई घालून खडवलीला बहिणीकडे पडून होता. झेंडा मात्र दुसऱ्या दिवशीच रंगूबाईच्या हातात आला.

रंगूबाई परभणीकडची, पन्नाशीची, अंगाने काटकुळी. साडीवर नारिंगी जाकीट, डोक्यावर पिवळं हेल्मेट. तिच्या मागे खड्ड्यात अकरा माणसं काम करायची. तिच्या पुढे कुणी नव्हतं. गाडी चुकली तर पहिला नंबर तिचा, आणि हे तिला कुणी सांगावं लागत नव्हतं.

तिच्याशेजारी घाडीगावकर तसंच जाकीट घालून उभे राहिले. जाकीट मजुरांच्या मापाचं होतं, ते पुढून मिटेना. स्पीड गन मोजणीवाल्यांच्या तिपाईवर बसवली, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं रस्ता मोजतायत. गाडी वीसच्या वर गेली की घाडीगावकरांनी वायरलेसवर नंबर सांगायचा आणि अर्ध्या किलोमीटरवर पत्र्याआड उभ्या असलेल्या शिपायांनी ती अडवायची. बेत चोख होता.

पहिल्या तासात घाडीगावकरांना एक गोष्ट कळली आणि ती त्यांना अजिबात आवडली नाही. त्यांच्याकडे कुणी बघत नव्हतं. खाकी-पांढऱ्यात ते नुसते रस्त्यात उभे राहिले तरी रिक्षावाले सरळ होत, पोरं मोबाईल खिशात घालत, सीटबेल्ट आपोआप लागत. इथे गाड्या हातभर अंतरावरून जात होत्या आणि आतली माणसं त्यांच्या आरपार बघत होती. त्यांच्याच सोसायटीचे सेक्रेटरी गाडीतून गेले. काच खाली करून पिचकारी मारली, ती घाडीगावकरांच्या बुटावर आली. सेक्रेटरींचा वेग चोपन्न होता. दर रविवारी जिन्यात भेटणाऱ्या या माणसाने त्यांना ओळखलं नाही, कारण त्याने बघितलंच नाही. घाडीगावकरांना वाईट वाटलं. त्याहून जास्त भीती वाटली, आणि ती एकतीस वर्षांत रस्त्यावर पहिल्यांदाच वाटत होती.

दोन दिवसांत शंभरावर केसेस झाल्या. ऋतुराज साहेब खूश झाले, त्यांनी आलेख काढला. आलेख चांगलाच वर गेला होता. घाडीगावकरांनी रंगूबाईला मोठ्या मनाने सांगितलं की बघा, आता कशी जरब बसते. रंगूबाई झेंडा हलवत राहिली. मग येणाऱ्या गाडीवरची नजर न काढता म्हणाली,

“धरत्यात ते तिकडं म्होरं, साहेब. मी तर हितंच हाय.”

घाडीगावकरांनी मनात हिशेब मांडला. गाडी रंगूबाईच्या अंगाजवळून साठने जाणार, आणि गेल्यावर तिला पुढे पकडणार. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. लपून धरायचं तर धरला जाणारा आधी बेफाम जायला हवा, आणि तो बेफाम जाणार तो नेमका या बाईजवळून. हे आलेखात कुठे दिसत नव्हतं.

त्यांनी संध्याकाळी ते साहेबांच्या कानावर घातलं. साहेब म्हणाले, भीती बसायला वेळ लागतो. तोपर्यंत बाईला काय करायला सांगू, असं घाडीगावकरांना विचारायचं होतं. पण निवृत्तीला चार महिने राहिले होते आणि असे प्रश्न त्यांनी आजवर घरीच विचारले होते.

तिसऱ्या दिवशी घात झाला. सकाळी सव्वाअकराला ठाण्याच्या बाजूने एक पांढरी गाडी आली. बॉनेटवर छोटा झेंडा, टपावर दिवा, मागच्या सीटवर वरिष्ठ साहेब. घाडीगावकरांच्या डोक्याने सांगितलं, आपण मजूर आहोत. शरीराला हे कुणी कळवलं नव्हतं. टाचा जुळल्या, पोट आत गेलं, जाकीट पहिल्यांदाच मिटलं आणि उजवा हात कपाळाला लागला. गमबूट असल्यामुळे टाचेचा आवाज झाला नाही, एवढीच काय ती कसर राहिली. गनवर आकडा काय आला, तो घाडीगावकरांनी आजतागायत कुणाला सांगितलेला नाही.

मागे गाड्यांची रांग होती. रस्त्यावरचा मजूर साहेबाच्या गाडीला कवायतीतला सॅल्यूट ठोकतोय, हे दृश्य एका बाईकच्या मागच्या सीटवरून कुणीतरी टिपलं. संध्याकाळपर्यंत ते कल्याणपासून मुलुंडपर्यंत पोचलं. खाली मजकूर होता, ‘शिळ रोडवाले सावधान, ऑरेंज जाकीटमध्ये मामा आहेत.’

घाडीगावकरांच्या घरी ते नीलाताईंच्या योगाच्या ग्रुपवर आलं. जेवताना त्यांनी फोन नवऱ्यापुढे धरला.

“हे तुम्हीच.”

“तोंड कुठे दिसतंय?”

“पोट आत घेतलंय. ते तुम्ही फक्त साहेबासाठी घेता.”

ऋतुराज साहेब ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी आलेखाचा कागद घडी घालून खणात ठेवला आणि शांतपणे सांगितलं की मोहीम बंद, आणि घाडीगावकर, उद्यापासून तुम्ही माजिवड्याला. माजिवड्याच्या जंक्शनवर उभं राहणं म्हणजे काय, हे त्या जंक्शनवर राहिलेल्यालाच माहीत. तिथे कुणाचाच वेग वीसच्या वर जात नाही, कारण कुणी हलतच नाही.

दहा दिवस गेले. मग नौपाड्यातल्या एका गृहस्थांचा ईमेल आला. भाषा शुद्ध, मुद्दे क्रमवार. शिळ रस्त्यावरच्या कामावर एक मजूर स्त्री येणाऱ्या वाहनांना पोलिसी पद्धतीचा सॅल्यूट करते. त्यामुळे ती साध्या वेषातली पोलीस असल्याचा समज होऊन चालकाला विनाकारण ब्रेक लावावा लागतो. सरकारी नोकर असल्याची बतावणी करणं हा गुन्हा आहे, तरी कारवाई व्हावी. ऋतुराज साहेबांनी घाडीगावकरांना बोलावलं. म्हणाले, “ही सवय तुम्ही लावलीत, तुम्हीच मोडा. समज द्या आणि मला लेखी रिपोर्ट द्या.”

घाडीगावकर दुपारी बारा वाजता पोचले. स्कूटर लांब लावली आणि आधी पत्र्याआडून पाहिलं. खोटं कशाला बोला, पाहून त्यांना आनंद झाला. गाडी यायची, रंगूबाई डाव्या हातात झेंडा धरून उजवा कपाळाला लावायची, आणि गाडी धनगराने शीळ घातल्यावर मेंढरं थांबावीत तशी थबकायची. मग चालक सीटबेल्ट ओढत, केविलवाणं हसत पंधराच्या वेगात पुढे सरकायचे. एकाने तर खिडकीतून लायसन्स बाहेर धरलं. मागच्या खड्ड्यात अकरा माणसं गाड्यांकडे पाठ करून काम करत होती. याआधी ती पाठ करत नसत.

मुकादम बाबुराव धावत आला. त्याने एका दमात सगळं सांगितलं. व्हिडिओ फिरल्यावर चार दिवस गाड्या आपसूक हळू झाल्या, मग लोक विसरले. एक डंपर रंगूबाईच्या अगदी अंगावर आला, तेव्हा तिने काही न सुचून घाडीगावकरांसारखा हात कपाळाला लावला. डंपर थांबला. त्या दिवसापासून ती प्रत्येक गाडी आली की कपाळाला हात लावते. संध्याकाळी खांदा भरून येतो, तेल चोळावं लागतं.

घाडीगावकरांनी रंगूबाईला बाजूला घेऊन समज दिली. कलम सांगितलं, शिक्षा सांगितली. शक्य तितकं सौम्य सांगितलं, पण कलम सौम्य होत नाही. ती वाद घालेल अशी त्यांची तयारी होती. वाद घातला असता तर त्यांना सोपं गेलं असतं.

“गुन्हा असंल तर नाय करत,” ती म्हणाली आणि जागेवर जाऊन नुसता झेंडा हलवू लागली.

पहिली रिक्षा आली, तिने वेग कमी केला नाही. मग एक कार आली. तिच्यामागून दुधाची पिकअप आली, आणि घाडीगावकरांकडे गन नव्हती तरी एकतीस वर्षांच्या सवयीने त्यांना आकडा कळला. पंचावन्न. पिकअपचा आरसा झेंड्याला लागला, कापड काठीपासून सुटलं आणि गाडीबरोबर फरफटत गेलं. रंगूबाई पत्र्याला चिकटली होती. हातात नुसती काठी. वीसेक पावलांवर कापड पडलं होतं ते तिने उचलून आणलं, झटकलं आणि परत काठीला बांधायला लागली. गाठ बसेना, दोनदा सुटली.

“तुमी जावा, साहेब,” ती म्हणाली. “हितं जवळ नका थांबू. लागंल एखादी गाडी.”

घाडीगावकरांनी सिमेंटच्या अडथळ्यावर बसून मांडीवर कागद घेतला आणि रिपोर्ट लिहिला. ‘समक्ष जागेवर जाऊन पाहणी केली असता, सदर मजूर स्त्री ही पोलीस असल्याची बतावणी करताना आढळून आली नाही. कामाचे ठिकाणी सावली नाही. ऊन डोळ्यांवर येत असल्याने येणारे वाहन नीट दिसावे म्हणून ती कपाळाशी हात धरते. सदर कृती नैसर्गिक आहे. उन्हाळा संपेपर्यंत ती चालू राहील असे दिसते. पावसाळ्यात पाणी डोळ्यांवर येईल.’ खाली सही केली, तारीख घातली, वेळ घातली. एकतीस वर्षांत इतका धडधडीत खोटा रिपोर्ट त्यांनी लिहिला नव्हता, आणि इतक्या सुवाच्य अक्षरातही नव्हता.

कागद खिशात घालून ते उठले. रंगूबाईची गाठ बसली होती. ते तिच्यासमोर उभे राहिले.

“हात लावा कपाळाला,” ते म्हणाले.

तिने बाबुरावकडे पाहिलं. बाबुराव खड्ड्यात काहीतरी शोधू लागला. तिने हळूच हात उचलला.

कोपर खाली पडलं होतं, तळवा मिटलेला होता. घाडीगावकरांनी दोन बोटांनी कोपर वर केलं, खांद्याच्या रेषेत आणलं. बोटं जुळवायला सांगितली, तळवा समोर, मधलं बोट भुवईच्या टोकाला. हात झटक्यात वर न्यायचा, अर्ध्यात रेंगाळायचा नाही. पुण्यात ट्रेनिंगला उस्तादाने त्यांना जसं शिकवलं होतं तसंच शिकवलं, फक्त शिव्या गाळल्या. तिने चार वेळा करून दाखवलं. चौथा कडक झाला.

“आता नजर,” ते म्हणाले. “सॅल्यूट मारताना नजर समोर. गाडीकडे बघायचं नाही. आत जो बसलाय त्याच्या डोळ्यात बघायचं.”

“गाडीकडं बघावंच लागतंय, साहेब,” रंगूबाई म्हणाली. “नायतर उडी कवा मारायची ते कळत नाय.”

घाडीगावकरांनी तेवढा भाग शिकवायचा सोडून दिला.