पाणी बदललं ती सकाळ

मी एक जुना इनॅमलचा ट्रे आहे. पांढरा रंग, कडेला निळी पट्टी, एका कोपऱ्याचा टवका उडालेला. मित्रांनो, मला घडवलं ते दवाखान्यातल्या कात्र्या-चिमटे ठेवण्यासाठी. पण नशिबात शेवाळ होतं, म्हणून मी समुद्रकाठच्या एका प्रयोगशाळेत येऊन पडलो. तिथल्या बाई समुद्री शेवाळाचा अभ्यास करत.

ओहोटीला बाई खडकांवरून शेवाळ आणत. बादलीत ते ओल्या फडक्याच्या बोळ्यासारखं दिसे. माझ्यातल्या समुद्राच्या पाण्यात सोडलं, की मात्र आळस दिल्यासारखं अंग मोकळं करी. मग बाई त्याच्याखाली जाड कागद सरकवत, कुंचल्याने एकेक फांदी नीट करत आणि कागद हळूच तिरका उचलत. शेवाळ चित्रासारखं कागदावर बसे. असे किती कागद माझ्यातून निघाले, याचा हिशोब मी ठेवला नाही, पण ऐट मात्र होती.

पुढे चकचकीत यंत्रं आली आणि माझी रवानगी स्वयंपाकखोलीत झाली. प्रयोगशाळेचे शिपाईमामा माझ्यावरून चहाचे कप नेऊ लागले. कपांशी माझं भांडण नव्हतं, पण त्यांच्याशी बोलणार काय?

मग बाईंच्या मनात आलं, की लोकांनाही हे सगळं दाखवावं. दर रविवारी त्या मला किनाऱ्यावर टेबलावर मांडू लागल्या. पाण्यात शेवाळ, एखादी समुद्री गोगलगाय आणि भोवती तुमच्यासारखी मुलं. त्यांची बोटं पाण्यात शिरली, की मला गुदगुल्या होत. म्हातारपणी एवढं कौतुक वाट्याला येईल, असं मला वाटलं नव्हतं.

अशातच नगरपालिकेच्या इंजिनिअरांनी किनाऱ्याचे सगळे खडक घासून घ्यायचं ठरवलं. त्यांची आई शेवाळावरून घसरली होती, मनगट मोडलं होतं. त्यांचंही काही चुकलं नव्हतं. पण खडक घासले, की बाईंचं वीस वर्षांचं काम आणि त्या खडकांवरचं सारं जग एका दिवसात संपणार होतं. बाईंनी त्यांना रविवारी एकदा येऊन बघा, अशी गळ घातली.

त्या रविवारी सकाळी बाईंनी माझ्यात सगळ्यात नाजूक लाल शेवाळ आणि एक गोगलगाय ठेवली आणि त्या इंजिनिअरांना आणायला गेल्या. मामांनी माझ्यात डोकावून पाहिलं. पाणी गढूळ, तळाशी वाळू. साहेब येणार आणि हे असं? त्यांनी ते पाणी ओतून दिलं आणि पिण्याच्या पिंपातलं स्वच्छ, गोडं पाणी भरलं. मला ओरडावंसं वाटलं, पण ट्रेला कुठलं तोंड!

तासाभरात पाणी गुलाबी झालं. शेवाळाचा रंग उतरून ते फिकट, लिबलिबीत झालं. गोगलगाईने आपल्या शंखाचं दार लावून घेतलं. बाई इंजिनिअरांना घेऊन आल्या आणि माझ्याकडे बघताच म्हणाल्या, "पाणी कोणी बदललं?" मामांचा चेहरा उतरला. सारवासारव करता आली असती, पण ते सरळ पुढे झाले.

"साहेब, चूक माझी आहे. पाणी घाण दिसलं म्हणून मी बदललं. स्वच्छ करायला गेलो आणि मारून बसलो."

इंजिनिअरांनी माझ्यावर वाकून ते फिकट शेवाळ बोटाने हलवून पाहिलं. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे खडक घासले की असंच होणार?"

"हो. आणि तिथे पाण्यात उतरलेला हा रंगसुद्धा दिसणार नाही," बाई म्हणाल्या.

खडक वाचले. इंजिनिअरांनी एका कडेने कठडा लावलेली पायवाट करून घेतली आणि बाकीच्या खडकांना हात लावला नाही. आता त्यांच्या आई त्याच वाटेने येतात आणि माझ्यात बोटं बुडवून बसतात. गोगलगाय त्या दिवशी समुद्राच्या पाण्यात ठेवल्यावर अर्ध्या तासाने बाहेर आली होती, थोडी रुसलेली. शेवाळ मात्र गेलं, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

मामांनी माझ्या कडेवर लाल रंगाने लिहिलंय, 'फक्त समुद्राचं पाणी'. अक्षर तिरकं आहे, पण मला ते मिरवायला आवडतं. मित्रांनो, तुम्हीही एखादी जागा स्वच्छ करायला निघालात, तर आधी तिथे कोण राहतं ते बघा.

मामा तर हल्ली मी रिकामा असलो तरी धुण्याआधी आत डोकावतात आणि हळूच विचारतात, "कोणी आहे का?"