घडीमास्तरांचं मत

"मास्तर, रुमाल नव्हे, मत आहे ते! तिरकं घाला, तिरकं!"

पक्षाचे सचिव हॉटेलच्या खोलीत बारा मोठ्या माणसांना कागदाची घडी घालायला शिकवत होते. बारा जण म्हणजे प्रांताचे निर्वाचक. दुसऱ्या दिवशी राजधानीतल्या सभागृहात जाऊन ते देशाचा राष्ट्राध्यक्ष निवडणार होते. लोकांनी आपली मतं आधीच देऊन टाकली होती, पण थेट लोकांच्या मताने राष्ट्राध्यक्ष निवडणं म्हणजे पुराच्या पाण्याने चूळ भरणं, असं घटना लिहिणाऱ्या थोरांना वाटलं होतं. म्हणून लोकांनी शहाणी माणसं निवडायची आणि शहाण्यांनी, कुणाचीही भीड न धरता, गुप्त मतदानाने राष्ट्राध्यक्ष. थोर वारले. शहाणपणाचं काम पक्षाकडे आलं. प्रांतात ज्याला एक मत जास्त, त्याचे बाराच्या बारा निर्वाचक, आणि बाराही जणांनी सांगितलं तिथे शिक्का मारायचा.

मत गुप्त असल्यामुळे पक्षाने ही घडी शोधून काढली होती. तिरकी घडी म्हणजे निष्ठा. सचिव पेटीपाशी उभे राहून पाहणार. घडीचा आतल्या शिक्क्याशी संबंध काय, हे विचारण्याइतका शहाणा बारांत कुणी नव्हता. किंवा एकच होता आणि तो गप्प बसला.

घडीमास्तर शहाण्यांत कसे गेले, हे मात्र सोपं होतं. बाजारपेठेच्या टोकाला त्यांची लॉन्ड्री होती. तीस वर्षं पक्षाच्या सभेतली टेबलावरची चादर त्यांच्याकडून इस्त्री होऊन जायची आणि तीस वर्षांत त्यांनी पक्षाला एकही प्रश्न विचारला नव्हता. एवढी पात्रता पक्षात दुसऱ्या कुणाची नव्हती.

निघायच्या दिवशी बायकोने त्यांचा कोट झटकत विचारलं होतं, "देशभरात जास्त मतं कुणाला?"

"बाईंना," मास्तर म्हणाले. बाई म्हणजे समोरच्या पक्षाची उमेदवार. बायकोचं मत तिलाच.

"आणि राष्ट्राध्यक्ष कोण होणार?"

"आमचा माणूस."

"वा! म्हणजे जास्त गिऱ्हाइकं आमच्या दुकानात आणि गल्ला तुमच्या घरात."

"तसं नाही गं. नुसती डोकी मोजली असती तर आपल्यासारख्या लहान प्रांताला कुणी विचारलं असतं? दोन मोठ्या शहरांनीच सगळं ठरवलं असतं. आता बारा निर्वाचकांसाठी का होईना, उमेदवार इथवर येतो तरी."

"आला होता की. हेलिकॉप्टरमधून उतरला, हात हलवला, परत चढला. सगळी वाळत घातलेली धुणी धुळीने माखली, ती मी पुन्हा धुतली." तिने कोट त्यांच्या हातात दिला. "तिथं तुम्हाला कुणी बघत नाही ना? मग एकदा तरी आपल्या डोक्यानं करा काहीतरी. नाही केलंत, तर मला येऊन सांगू नका."

सभागृहात झुंबरं होती, गालिचा होता, घटनेच्या थोरांची तैलचित्रं होती. मास्तर पडद्याआड गेले. सांगितलेल्या जागी, सांगितलेल्या नावापुढे त्यांनी शिक्का मारला. बाईंच्या नावाकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. डोक्याने जे करायचं होतं ते असं, डोकं न वापरता, उरकलं. मग कागद हातात आला आणि हातांनी त्यांचं काम केलं. कडेला कड, कोपऱ्यावर कोपरा, वरून नखाची एक रेघ. पेटीत पडताना तो कागद नुकत्याच इस्त्री केलेल्या रुमालासारखा दिसत होता. सचिवांचा चेहरा पाहून मास्तरांना कळलं, घडी सरळ पडली, पण पेटी काही कपाट नव्हे, परत उघडायला.

प्रांताच्या पेटीची मोजणी झाली. आपल्या माणसाला अकरा, बाईंना एक.

देशाचं त्याने काहीच बिघडलं नाही. इतर प्रांतांतून आपल्या माणसाला हवे तेवढे निर्वाचक मिळाले होते. बिघडलं ते मास्तरांचं.

"साप पाळला आम्ही!" सचिव पायऱ्यांवर ओरडले.

"साहेब, मी बरोबरच मारला शिक्का. शपथ घेतो."

"घडी मी या डोळ्यांनी पाहिलीये!"

"गद्दार!" सगळ्यांत मोठा आवाज दातांच्या डॉक्टरांचा होता. तेही निर्वाचक. त्यांची घडी अगदी तिरकी.

मास्तर गावी परतले, तोवर दुकानाच्या शटरवर खडूने दोन शब्द लिहिलेले होते. वर 'गद्दार', खाली, वेगळ्या अक्षरात, 'शाबास'. समोरच्या न्हाव्याने दुकानातूनच हात जोडले. "मास्तर, मानलं! सगळ्या देशात एकच मर्द!" मास्तरांनी ओल्या फडक्याने वरचा शब्द पुसला. खालच्यापाशी हात थांबला. तो राहिला.

घरात बायकोने न मागता चहा दिला. समोर बसली. लग्नानंतर इतका वेळ तिने त्यांच्याकडे पाहिलं नसेल.

"मला वाटलं नव्हतं तुमच्यानं होईल," ती म्हणाली.

मास्तरांनी तोंड उघडलं. मग चहा गरम असल्यासारखी फुंकर घातली.

दोन दिवसांनी डॉक्टर आपला पांढरा कोट टाकायला आले. बायको मागे धुणं वाळत घालत होती. डॉक्टर काउंटरवर वाकून पुटपुटले, "उपकार झाले, मास्तर. तुमच्यावर गेलं म्हणून वाचलो."

"म्हणजे तुम्ही?"

"आरोग्य मंडळाचं अध्यक्षपद देतो म्हणाले होते. दिलं का? मग भोगा म्हटलं."

देशातलं एकमेव स्वतंत्र मत ते हेच. मास्तरांनी कोटाची पावती फाडून दिली.

त्याच दुपारी सचिवांचा ड्रायव्हर आला. "साहेबांचे कपडे द्या. जसे असतील तसे. चुरगळलेले चालतील, म्हणालेत."

"बसा जरा," मास्तर म्हणाले आणि त्यांनी इस्त्री तापत ठेवली. एकेक शर्ट पाठीकडून, मग बाह्या, मग कॉलर. प्रत्येकाची घडी, कडेला कड. बायको बादली घेऊन दारात उभी होती.

"ज्यानं गावभर गद्दार केलं, त्याचे? बोळे करून फेकायचे की तोंडावर!"

"जमत नाही गं," मास्तर म्हणाले. "हातच वळत नाहीत तसे."

ती त्यांच्या हातांकडे पाहत राहिली. नख शेवटच्या शर्टाच्या कडेवरून सरळ खाली आलं. पेपरात सगळं आलं होतं, पेटी, सचिव, ती सरळ घडी. ड्रायव्हर गठ्ठा घेऊन गेला.

मग तिने बादलीतलं फडकं पिळलं, बाहेर जाऊन शटर अर्धं खाली ओढलं, आणि 'शाबास' पुसून टाकलं.