जागा मोकळी करताना

नवरा गेल्यावर त्याचा जुना लॅपटॉप शिकवण्यांसाठी वापरायचं वहिनीने ठरवलं, पण नवी सिस्टिम टाकायची तर त्यात जागाच उरली नव्हती. म्हणून रविवारी नणंद आली. कॉम्प्युटर दुरुस्त करणं हेच तिचं काम. बाहेरची डिस्क जोडत ती म्हणाली, "आधी सगळ्याची कॉपी घेऊ, वहिनी. मग नको ते काढून टाकू."

कॉपी झाल्यावर तिला एक भलीमोठी फाइल दिसली. "हे कसलं रेकॉर्डिंग?"

"तुझ्या दादाचं घोरणं. मी घोरतच नाही म्हणून भांडायचा. म्हटलं, पुरावाच ठेवते. तर ऐकून म्हणतो कसा, हा आवाज तुझाच असणार."

नणंदेला हसू फुटलं. तिने फाइल लावली. तो गेल्यापासून वहिनीला ती उघडायचा धीर झाला नव्हता. खोलीभर घोरणं घुमलं, मध्येच अडकलं, पुन्हा सुरू झालं. दोघी हसत होत्या. मग कूस बदलल्याचा आवाज आला आणि तो झोपेतच पुटपुटला, "दिवा बंद कर गं."

हसू तिथेच विरलं. नणंदेने मान खाली घातली, ती वर करेना. वहिनीने तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"कॉपी झालीय ना नक्की? मग इथली काढ."

"माझ्याच्याने नाही होणार, वहिनी."

शेवटी वहिनीनेच ती काढली. जागा पुरेशी झाली, नवी सिस्टिम चढू लागली. नणंद डोळे पुसत म्हणाली, "मलाही एक कॉपी हवी."

वहिनीने डिस्क तिच्याकडे सरकवली.