खिळ्याच्या वर एक वीत

पितळी खिळा सांगेल तेवढंच पाणी, आणि का म्हणून विचारायचं नाही. दोनशे वर्षं मी हेच ऐकतेय.

मी एल्से, एक छोटी नदी. डोंगरावरच्या बीच वृक्षांच्या रानात तीन झऱ्यांतून जन्मले. कुरणांतून वळणं घेत गिरणीपाशी येते, पुढे नुसत्या पाणथळीतून मोठ्या वेझर नदीला मिळते. उगमापासून संगमापर्यंत एका दिवसाची चाल. एवढीशी मी, पण मला अडवायला केवढा थाट!

गिरणीपाशी लाकडी झडप आहे. शेजारी ओकचा खांब, त्यात तो खिळा. पाणी खिळ्याला टेकलं, तरच झडप उचलायची. गिरणी चाळीस वर्षं बंद आहे; नियम चालूच.

यंदा मार्चमध्ये बर्फ वितळलं, वर तीन दिवस पाऊस. त्यातच वार्षिक नदीपाहणी आली. गावची वडीलधारी मंडळी टोप्या घालून काठाने चालतात, मला नावं ठेवतात आणि शेवटी सॉसेज खातात.

मी झडपेमागे तुंबत होते. वरच्या वळणावर अल्मूटचा मेंढवाडा. नको नको म्हणत मी त्यात शिरले. आत कालच व्यालेल्या मेंढ्या होत्या.

अल्मूट धावत आली. कमरेपर्यंत भिजलेली.

"ओर्टविनकाका, झडप उचला! कोकरं बुडतायत!"

पाहणीप्रमुख ओर्टविन खांबाकडे वाकले. "अजून वीतभर बाकी आहे, पोरी. शहरात शिकलीस, पण खिळा वाचता येत नाही?"

मंडळी हसली.

"हा खांब नवा ना? त्यावर खिळा कुठून मोजून ठोकलात?" अल्मूटने विचारलं.

"जमिनीपासून कंबरभर. आजोबांनी मोजला तसाच."

"आणि दरवर्षी गाळ उपसून टाकता कुठे?"

कुणीतरी बुटाने काठ चाचपला. पायाखाली माझाच गाळ होता, थरावर थर. जमीन वर आली होती, तिच्याबरोबर खिळाही. किती वर्षं मी हे सांगू पाहत होते!

"असेल," ओर्टविन पुटपुटले, "पण आधी बैठक, मग ठराव..."

अल्मूटने दोन्ही हातांनी झडपेचं चाक धरलं.

"सोड ते! तुझा अधिकार नाही."

"नाही सोडणार. आणि यापुढे विचारणारही नाही."

चाक करकरलं. झडपेखालून मी सुटले, पांढरी, मोकळी. वर मेंढवाड्यातून पाणी ओसरू लागलं. काठावर सहा टोप्या होत्या. सहाही पायाखालच्या गाळाकडे वाकल्या.