वगळलेल्या नोंदी

फितीवरचं लेबल एका कोपऱ्यातून सुटलं होतं आणि ती ते अंगठ्याने दाबत होती... दाबलं की बसायचं, अंगठा काढला की पुन्हा वर. मेलं हट्टी! इस्पितळातल्या तपासण्यांचे सगळे जुने फोटो पोटात घेऊन संगणकाच्या अशा चुंबकीय फिती कपाटभर उभ्या होत्या. पण कुठल्या फितीवर कुणाचं काय, हे ठाऊक फक्त बॅकअप सर्व्हरच्या डेटाबेसला. तोच आता आजारी पडला होता. त्याच्यातलं सगळं बाहेर काढायचं, त्याला पुसून कोरा करायचा, मग काढलेलं परत आत भरायचं. सकाळपासून तिचं तेच चाललं होतं.

बाहेर काढणं संपलं तेव्हा पडद्यावर ओळ आली — काही नोंदी वाचता आल्या नाहीत, वगळल्या.

"झालं का?" विभागाचे साहेब दारातूनच. माघारी सगळे त्यांना घाईसाहेब म्हणत.

"झालं. पण काही नोंदी सुटल्यात."

"अहो, चार नोंदींपायी गाडं कशाला अडवता? पुसा, पुसा!"

कुठल्या नोंदी सुटल्या ते कळल्याशिवाय पुसायचं नाही, हा नियम तिचाच. हाताखालच्यांना तिने तो कानीकपाळी ओरडून शिकवलेला.

तिने पुसलं.

बाबांच्या फुफ्फुसावर डाग दिसला होता. डॉक्टर म्हणाले होते, "मागचा फोटो मिळतोय का बघा. तेव्हाही एवढाच असेल तर निर्धास्त राहा. आणि तेव्हा नसेलच, तर..." — त्यांनी पेनाला टोपण लावलं. तो फोटो आता फक्त फितीवर. आणि त्या दिवशी बाबा, डॉक्टरांच्या खोलीबाहेरच्या बाकावर, शेजारच्या अनोळखी माणसाला कौतुकाने सांगत होते, "काळजी नाही हो, आमची पोरगीच सांभाळते ते सगळं!"

दुपार कलली तेव्हा भरणं पूर्ण झालं. शोधायची चौकट उघडी होती. बाबांचं नाव टाकलं की लगेच कळणार होतं. तिने पहिलं अक्षर टाकलं, खोडलं. नसेल तर? — आणि छातीवरचा धोंडा कुणी उचलावा तसं तिला एकदम हलकं वाटलं. नसेल तर कुणालाच काही कळणार नाही. ना डॉक्टरांना, ना मला... साहेबांनी घाई केली म्हणून पुसलं. हो, साहेबांनीच. पण इतक्या वर्षांत मी त्या माणसाचं कधी ऐकलंय?

शी! स्वतःच्या बापाच्या बाबतीत...

फोन वाजला. बाबाच.

"काय गं, मिळाला का माझा फोटो?"

"अजून भरतंय, बाबा."

"असू दे, असू दे. सावकाश कर. जेवलीस का?"

"हो," ती म्हणाली. डबा तसाच बाजूला पडला होता. कोऱ्या चौकटीत रेघ उघडमीट करत होती, आणि खरंच अजून भरतच असावं, भरतच राहावं, असं तिला मनापासून वाटत होतं.