दोन सूत

पाणसळीतला बुडबुडा आज मधोमध नव्हता – उजवीकडे सरकून स्वस्थ बसला होता, आणि जहाजावरच्या सुताराने पाणसळ उचलून पुन्हा तोफेखाली ठेवली तरी तो तिथेच. तोफेची लाकडी बैठक त्याने कालच बसवली होती, याच पाणसळीने... आणि काल कोळसा एकाच बाजूला भरत होते, जहाज कललेलं होतं, ते आज सरळ झालं! तरंगत्या जहाजावर पाणसळ लावायची नसते, डेकवर दोरी ताणून मोजायचं असतं, हे बारा वर्षं दुसऱ्यांना सांगत आलेला माणूस तो – पण तोफ दिसली आणि अक्कल गहाण पडली.

बारा वर्षं या जहाजाने गव्हाची पोती आणि शिलाई मशिनं वाहिली. लढाई लागली, नौदलाने ते ताब्यात घेतलं, पांढऱ्या अंगाला राखाडी रंग फासला आणि मागच्या टोकाला ही तोफ आणली. त्याने बायकोला शब्द दिला होता, त्यांची तोफ बसवून देतो आणि उतरतो. ती एवढंच म्हणाली होती, "तुमच्या डोळ्यांत काय आहे ते मला दिसतंय." जे जहाजावर राहणार, त्यांनी आज चारच्या आत नौदलाच्या नोंदवहीत सही करायची होती.

गप्प बसलो तर? वरून काही दिसत नाही, नौदलाच्या अधिकाऱ्याने पसंतीही दिली आहे. संध्याकाळी मी घरी... आणि तिकडे समुद्रावर आपला नेम चुकणार, समोरच्याचा चुकणार नाही. तोफेपाशी गोळे द्यायला आचाऱ्याला नेमलं आहे – बारा वर्षं माझा चहा झाकून ठेवणाऱ्या आचाऱ्याला.

डेकवर दोरी ताणून त्याने फरक मोजला आणि तो सरळ अधिकाऱ्यापुढे जाऊन उभा राहिला.

"बैठक वाकडी आहे, साहेब. दोन सूत, म्हणजे पाव इंच. चूक माझी."

अधिकाऱ्याने घड्याळ पाहिलं. "चारपर्यंत होईल, मिस्त्री?"

"आपली तोफ आहे. होईल."

बोलून गेला आणि त्याची कानशिलं तापली. सकाळपर्यंत ती त्यांची होती.

क्रेनने तोफ उचलली. दोरी ताणली, रंधा सुरू झाला, लाकडाचे छिलके वाऱ्यावर उडू लागले, आणि छातीत असं काही उसळत होतं की त्याची त्यालाच लाज वाटली – माणसं मारायच्या यंत्राखाली गुडघे टेकून आपण चक्क खूश आहोत! बायकोला काय सांगायचं ते तो पुनःपुन्हा जुळवू लागला. दर वेळी मनात मापंच येत होती. सही करणार की नाही, खरंच ठरलं नव्हतं. पण तिला जे तेव्हाच दिसलं होतं, ते त्याला आत्ता दिसत होतं... आणि चारला अजून वीस मिनिटं होती.